कारणाशिवाय अक्षर नाही

४ फेब्रुवारी

बारके,

तुझी तक्रार पोचली. म्हणे दादा फोनवर नुसता हं-हं करतो. अगं, फोनवर तू रागावतेस आणि शेजारी तुझी वहिनी कान टवकारून बसलेली असते. मग मी हं-हं नाही करणार तर काय? म्हणून हे पत्र, आणि तेही मशीनला जोडलेला असताना. डावा हात सुईच्या ताब्यात आहे, उजवा मोकळा आहे, आणि सकाळभर मला कुठे जायचं नाहीये.

खोली सांगतो, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे येईल. लांबट हॉल, फिनेलचा वास, टेकून बसायच्या खुर्च्यांच्या दोन रांगा. प्रत्येक खुर्चीशेजारी छोट्या फ्रिजएवढं मशीन. माझं रक्त एका नळीने त्यात जातं, धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. आठवड्यातल्या तीन सकाळी हेच. जन्मभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवल्या, आता मीच अडकून बसलोय. यावर काय हसायचं ते हसून घे.

खिडकीकडच्या चार खुर्च्या आमच्या. पहिलीत मास्तरीणबाई. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्या पण सवय गेली नाही. दुसरीत वकील, वयाने सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. तिसरीत मी. चौथीत ड्रायव्हर. त्याने इतकी वर्षं लांब पल्ल्याच्या बस हाकल्यात की हळू बोलणं त्याला येतच नाही.

आम्ही चौघं मिळून पेपरातलं तिरकं शब्दकोडं सोडवतो. हो, तेच, लहानपणी आपण दोघं जिन्यात बसून सोडवायचो ते. सिस्टर सुया लावून झाल्या की सूचना वाचून दाखवते, आम्ही डोकी खाजवतो, ती अर्थात एकाच हाताने. लिहायचं काम माझ्याकडे. ड्रायव्हरला सुरुवातीला काही कळत नव्हतं. त्याला म्हटलं, बाबा, प्रत्येक सूचनेच्या एका टोकाला, सुरुवातीला नाहीतर शेवटी, सरळ अर्थ असतो, बाकीची सगळी कारागिरी. दुसऱ्या दिवशी सूचना आली, 'एक मळकट जागी दडलेलं फूल, तीन अक्षरं.' पठ्ठ्या ओरडला, "कमळ, 'एक मळकट'च्या पोटातच आहे." अख्ख्या हॉलची झोपमोड झाली.

आमचे दोन नियम आहेत. पहिला बाईंचा, कारणाशिवाय अक्षर नाही. म्हणजे उत्तर चौकटीत बसतंय म्हणून लिहायचं नाही, ते का, हे चौघांना पटवायचं, मगच पेन टेकवायचं. परवा 'जंगलातला दरवळ मुकाट्याने भोगावा, चार अक्षरं' असं होतं. शेवटची दोन अक्षरं 'वास' आधीच आलेली. ड्रायव्हर म्हणाला, "उपवास, मुकाट्याने भोगतोच ना आपण." बाई म्हणाल्या, "बसतंय खरं. पण 'उप' म्हणजे जंगल, हे कुठल्या शाळेत शिकलात?" अर्धा तास वाद. शेवटी वकिलाला 'वनवास' सुचला. तेव्हापासून चुकीच्या कारणाने बसणाऱ्या उत्तराला आम्ही 'ड्रायव्हरचा उपवास' म्हणतो.

दुसरा नियम असा की मधल्या दिवशी घरी कोडं सोडवलं तरी एक शब्द मुद्दाम रिकामा ठेवायचा आणि पुढच्या वेळी इथे आणायचा. ड्रायव्हर एकदा कंटाळून यायचाच राहिला आणि फुप्फुसात पाणी भरून त्याला उचलून आणावं लागलं, त्यानंतरचा हा नियम. शब्द अडलेला असला की माणूस येतो.

तर असं आहे. डॉक्टरांचं नेहमीचं चालू आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तू दुकान सांभाळ.

दादा

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना तपासणीची काच लावून बसवलं होतं, "हे स्पष्ट दिसतं की ते" एवढं विचारायचं विसरून मी वाचत बसले. बिचारा त्या जड फ्रेममध्ये ताटकळत राहिला. तुझी माणसं मला आवडली. बाई तर फारच.

पण तू लिहिलंस की लिहिण्यासारखं काही नाही, ते साफ खोटं. चार दिवसांपूर्वी वहिनीचा फोन आला. ती भाजी आणायला म्हणून बाहेर पडली होती आणि रस्त्यावरून बोलत होती, म्हणजे बघ तुझ्या घरी किती मोकळं वातावरण आहे. डॉक्टरांनी तुला विचारलं, घरात किडनी देणारं कुणी आहे का. तू सांगितलंस, बायकोला साखर आहे, मुलगा लहान आहे, बाकी कुणी नाही.

बाकी कुणी नाही? मी कोण मग, वरच्या मजल्यावरची भाडेकरू?

दोन दिवस रागातच काढले. गिऱ्हाईकांच्या चष्म्याचे स्क्रू पडत होते. मग गेले आणि रक्त तपासून आले. गट जुळतो. साखर नाही, रक्तदाब नाही. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या तपासण्या तुझ्याच हॉस्पिटलात होतील. तारीख तेवढी कळव.

कोडं मीही सोडवते हल्ली, तुझ्यामुळे परत लागलंय. सोमवारचं 'गरीब बिचारी उलटली आणि वाहायला लागली, दोन अक्षरं' तुम्हाला किती वेळात आलं? मला 'दीन' उलटा करून 'नदी' दिसायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. पण तारखेला तेवढा लावू नकोस.

बारकी

२३ फेब्रुवारी

बारके,

खिडकीच्या रांगेत सगळे मजेत आहेत. तुझी 'नदी' आम्हाला लगेच आली होती, उगाच फुशारकी नको.

तुझं मन मोठं आहे, ते मला आजच कळलं असं नाही. पण जरा शांतपणे विचार कर. दुकान कोण बघणार? काच घासायला ठेवलेला माणूस डोळे तपासू शकत नाही. तुझ्या लेकीचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. मेव्हण्यांना काय वाटेल? ते बोलणार नाहीत, पण त्यांच्या मनात येणारच की बायकोच्या माहेरचं दुखणं आपल्या घरात आलं. आणि माझं वय बघ. नवा सुटा भाग जुन्या लिफ्टला बसवायचा तर आधी लिफ्टची लायकी बघतात.

वहिनीला मी काही बोललो नाही. तीही मला काही बोलली नाही. दोघांनी मिळून भाजी निवडली.

इथलं सांगण्यासारखं म्हणजे वकिलाचा आणि बाईंचा अबोला झाला होता. तो म्हणाला, कोडं रचणाऱ्याने सूचना चुकीची दिलीय, पेपरवर दावा ठोकतो. बाई म्हणाल्या, आधी सात आडवा सोडवा, मग दावा ठोका. ड्रायव्हरने मध्ये पडून मिटवलं, म्हणजे इतक्या मोठ्याने मिटवलं की सिस्टरने तिघांचा रक्तदाब परत तपासला. सुई लागली की पहिल्यांदा पोटऱ्यांत गोळे येतात, जीव नकोसा होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "चार उभा काय असेल हो?" मग गोळ्याकडे लक्ष जात नाही. माणसाला आणखी काय लागतं? मला इथे काही कमी नाही.

दादा

३ मार्च

दादा,

तुझी कारणं एकेक करून परत पाठवते आहे. नीट ठेवून दे.

दुकान. माझी जुनी मैत्रीण चष्म्याचंच काम करते, तिने यायचं कबूल केलंय. लेक म्हणाली, "मामाला सांग, परीक्षा मला द्यायचीय, आईच्या किडनीला नाही." तुझे मेव्हणे पहिल्यांदा गप्प झाले, खोटं कशाला बोलू. रात्रीचं जेवण होईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तुझा निर्णय झालेला दिसतोय, मला कुकर लावायला शिकव." आता रोज लावतायत, रोज पाणी जास्त होतंय. आणि लायकीचं म्हणशील तर ती तुझे डॉक्टर ठरवतील. ते लिफ्टवाल्याचं काम नाही.

तर ही सगळी कारागिरी बाजूला केली. मग मी तुझं पत्र तूच शिकवलेल्या पद्धतीने वाचलं. सरळ अर्थ एका टोकाला असतो ना? पत्राची सुरुवात, "खिडकीच्या रांगेत सगळे मजेत आहेत." शेवट, "मला इथे काही कमी नाही." दोन्ही टोकांना एकच. दादा, तुला त्या तिघांना सोडून जायचं नाहीये. किडनी मिळाली तर खुर्ची सुटेल, सकाळ सुटेल, कोडं सुटेल. त्यापेक्षा सुया बऱ्या, असं तुला वाटतं.

मला हे कळतं, थट्टा करत नाही. तू कामावरून घरी बसलास तेव्हा कसा झाला होतास, वहिनीने सांगितलंय. या माणसांनी तुला परत बोलतं केलं. पण कोडं घरी बसूनही सोडवता येतं, आणि माणसं खुर्चीसकट सोडावी लागत नाहीत. तू बरा होऊन त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बस की.

उत्तर बरोबर आहे की नाही ते सांग. आणि त्याखाली हो की नाही तेही लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बारकी

२० मार्च

ताईंना नमस्कार,

आमची ओळख नाही, पण तुमच्या दादांच्या पत्रांमुळे तुम्ही आम्हाला ओळखत असालच. मी वकील. उजव्या हाताला सुई आहे म्हणून डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षर गोड मानून घ्या. मजकूर मास्तरीणबाई सांगतायत आणि ड्रायव्हर मध्येमध्ये ओरडतोय. आमच्यात लिहिण्याचं काम दादांचं असतं, पण हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे. पत्ता तुमच्या पाकिटावरून घेतला. विचारून घेतला नाही.

तुमचं पत्र दादांनी आम्हाला वाचून दाखवलं. वाचून हसले, म्हणाले, "बघा, बारकीने पकडलं मला. तुम्हाला सोडवत नाही, दुसरं काय." आम्हालाही क्षणभर बरं वाटलं, कुणाला नाही वाटणार. पण बाई म्हणाल्या, "कारण?" दादा म्हणाले, "हेच कारण." बाई म्हणाल्या, "हे उत्तर झालं. आमच्यासाठी कुणी आपल्या अंगात सुया खुपसून घेत नाही, तुम्ही तर नाहीच. कारण सांगा." दादांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते मशीन बंद होईपर्यंत.

ताई, तुमचं उत्तर म्हणजे ड्रायव्हरचा उपवास आहे. बसतं, पण ते नव्हे. आणि दादांना ते सोयीचं वाटलं म्हणून त्यांनी उचललं.

खरी गोष्ट ड्रायव्हरच्या लक्षात आली. तुमचे दादा येण्याआधी या रांगेत आमच्याबरोबर पोस्टमन होता. त्याला धाकट्या भावाने किडनी दिली. पेढेबिढे वाटून गेला. दादा त्याच्याच खुर्चीत आले. वर्ष झालं नसेल, किडनी बंद पडली आणि पोस्टमन परत आला. त्या दिवशी भाऊ त्याची पिशवी धरून बरोबर होता. पोस्टमनने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. नंतर दुपारची पाळी मागून घेतली. दादांनी हे सगळं समोर बसून पाहिलंय. त्या दिवशीचं कोडं त्यांनीच मिटवून ठेवलं, एवढं आम्हाला आठवतं.

आता आमचं म्हणणं. तुम्हाला सरळ उत्तर मिळेपर्यंत दादांना कोडं बंद, हा निर्णय आम्ही एकमताने घेतलाय. सिस्टरचाही पाठिंबा आहे. ते झोपेचं सोंग घेऊन पडतात, पण सूचना वाचली की ओठ हलतात. ड्रायव्हरला त्यांची दया येते, बाईंना येत नाही.

आणि एक बाईंच्या शब्दांत. "माझं कुणी नाही. ड्रायव्हरचं नाव यादीत आहे, नंबर कधी लागेल देव जाणे. वकिलाच्या आईची जुळली नाही. आमच्यातल्या एकालाच देणारं माणूस मिळालंय आणि तो भितोय, याचा मला फार राग येतो. खुर्ची रिकामी झाली तर आमचं कोडं अडेल. अडू दे."

पोस्टमनच्या भावाचा फोन नंबर खाली देतोय. ड्रायव्हर दुपारच्या पाळीपर्यंत मुद्दाम थांबून मागून घेऊन आला.

आपले,
खिडकीची रांग

२ एप्रिल

दादा,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. तुझ्या माणसांचं आलं. त्यांना रागावू नकोस. मला रागाव, मी चुकले. मला वाटलं, मी फार हुशारीने ओळखलं. चष्मेवालीला जवळचं दिसलं नाही.

मी पोस्टमनच्या भावाला फोन केला. तो बेकरीत कामाला आहे, मागे भट्टीची घरघर चालली होती, दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. मी कोण ते सांगितलं आणि सरळ विचारलं, दिल्याचा पश्चात्ताप होतो का. मग घरघर कमी झाली, बाहेर आला असावा. म्हणाला, "किडनीचं काही नाही हो ताई. दिली, नाही टिकली. मी पोती उचलतो, मला काही झालेलं नाही. पण मला बघितलं की तो मान खाली घालतो. माफ कर, माफ कर, दुसरं बोलणंच नाही. आधी आम्ही कशावरूनही तासन्‌तास भांडायचो. आता मी गेलो की तो रडतो, म्हणून मी जात नाही. माझा भाऊ गेला तो असा गेला."

फोन ठेवल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडून घेतलं. तुझ्यासाठी, त्याच्यासाठी, माझ्यासाठीही. मलाही भीती वाटते, दादा. भूल दिली आणि उठलेच नाही तर, असं वाटतं. अंगावर एवढी मोठी खूण राहील याचंही वाटतं, या वयात कोण बघायला येणार आहे तरी. पण वाया जाईल ही भीती मला एकदाही वाटली नाही. ती तुझी भीती आहे, ती माझ्या नावावर टाकू नकोस.

नीट वाच आता. तू बरा होशील म्हणून मी देत नाही. तू माझा भाऊ आहेस आणि माझ्याकडे दोन आहेत, म्हणून देते. तुझ्या अंगात ती वीस वर्षं चालली तरी तुझी, एक दिवस चालली तरी तुझी. परत करायचा प्रश्न नाही आणि हिशेबाचाही नाही.

माझी अट एकच आहे. बंद पडली तर माझ्याकडे बघायचं. मान वर करून बघायचं, नेहमीसारखं भांडायचं, आणि माफी मागायची नाही. एकदाही नाही. हे जमत असेल तर हो म्हण. जमत नसेल तरच नाही म्हण. दुसरं कुठलंही कारण मी ऐकून घेणार नाही.

बारकी

१० एप्रिल

बारके,

हो.

दोन दिवस एवढाच कागद लिहून ठेवला होता. वहिनीने तो पाहिला, म्हणाली, आणखी दोन ओळी लिहा, बहीण आहे ती, वीजमंडळ नाही.

पोस्टमन परत आला तो दिवस माझ्या माणसांनी सांगितलाच आहे. मी समोरच होतो. भाऊ त्याला पाण्याची बाटली देत होता आणि पोस्टमन बाटलीकडे बघून घेत होता, हाताकडे नाही. मला वाटलं, यापेक्षा न मागितलेलं बरं. मरणाची भीती इथे रोज थोडी थोडी खर्च होते, तिचं एवढं नाही. तुझ्यापुढे असा बसलो तर मग कुणापुढे जाऊ, ही भीती होती. ती अजून गेलेली नाही. पण तू अट घातलीस तेव्हा कळलं की ती तुलाही माहीत आहे, आणि दोघांना माहीत असलेली भीती जरा हलकी लागते.

अट कबूल. जमेल का माहीत नाही, जमवीन.

तपासण्यांची तारीख मागच्या बाजूला लिहिली आहे. वहिनी आत्तापासूनच तुझी खोली झाडतेय. पत्र मिळालं की बाईंना तसं कळव, तुझ्या सहीशिवाय त्या मला कोड्याला हात लावू देत नाहीत. शेजारी तिघं चुकीचं बोलत असताना गप्प पडणं म्हणजे काय असतं, तुला कल्पना नाही.

दादा

१९ जून, खालच्या मजल्यावरून

बारके,

ऑपरेशन झालं, एकाच हॉस्पिटलात तू वर, मी खाली, मध्ये एक जिना, आणि तरी पत्र लिहावं लागतंय. सिस्टर पोचवीन म्हणालीय.

तुला कुणी सांगितलं की नाही माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. किडनी बसवली ती नीट बसलीय, रक्त खेळतंय, पण काम करत नाही. झोपलीय. डॉक्टर म्हणतात, कधी कधी असं होतं, काही दिवसांनी जागी होते. कधी होत नाही, तेही त्यांनी सांगितलं. तोवर पुन्हा मशीन. या काचेच्या खोलीत मी एकटा आणि ते घुर्र करणारं धूड.

काल दिवसभर मी छताकडे बघत होतो. तुझी अट मोडायचा फार मोह झाला. पेन उचललं होतं. ते दोन शब्द लिहिले असते तर मला बरं वाटलं असतं आणि तुला वाईट, म्हणून लिहिले नाहीत. पोस्टमन काय म्हणत असेल ते मला आता कळतं, पण मी ते म्हणणार नाही.

उद्या तुला चाकांच्या खुर्चीवरून खाली आणणार आहेत म्हणे. आणा म्हणावं. मी जागा असेन आणि तोंड दाराकडे असेल.

दादा

२१ जून, वरून

दादा,

टाके ओढतात म्हणून थोडक्यात लिहिते.

मला बाईंनीच आधी सांगितलं होतं, त्या सुया निघाल्यावर काठी टेकत वर आल्या होत्या. काल खाली येताना मी मनाशी घोकत होते, याने मान खाली घातली तर काय करायचं. काचेवर टकटक करायचं, नाहीतर वॉर्डबॉयला सांगून परत फिरायचं. काही ठरत नव्हतं.

आणि तू काचेपलीकडून सरळ बघत होतास. डोळे लाल, तोंडावर मास्क, नळ्या लागलेल्या, आणि बघत होतास. मला किती बरं वाटलं ते मी तुला तोंडाने सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते. मला एवढंच हवं होतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

मग तू पेपर काचेला लावून दाखवलास, 'काम थंड, तरी राबतो, चार अक्षरं', आणि बोटाने खुणा करून विचारलंस, एवढं येत नाही का. कामगार, दादा. काम आणि गार. मला वर खाटेवर पडल्यापडल्या सकाळीच आलं होतं. पण वॉर्डबॉय मला फिरवून घेऊन निघाला होता आणि तू काचेमागे मास्कवरच्या डोळ्यांनी विजयी हसत होतास. ते हसणं मी सोडणार नाही. मी उद्या परत येतेय, परवाही. ती जागी होवो न होवो, मी येणार.

बारकी

२४ जून, खालून

बारके,

आज सकाळी मला लघवी झाली.

हे वाक्य मी कुणाला असं अभिमानाने लिहीन, हे स्वप्नातही वाटलं नव्हतं. आठवतही नाही शेवटची कधी झाली होती, दोन वर्षं तरी झाली असतील. आधी वाटलं भास आहे. मग नळीच्या टोकाला लावलेल्या पिशवीच्या तळाला पाहिलं, पेलाभरसुद्धा नसेल, पिवळी, थोडी गढूळ. मी हाका मारून सिस्टरला बोलावलं. ती धावत आली, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. पिशवी उजेडात धरून तिने पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणतात, एवढ्यात हुरळून जाऊ नका, अजून सुस्त आहे, उद्या कमीही होईल. मी म्हटलं, मी कुठे हुरळतोय. आवाज फाटला म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही.

सिस्टरने खाली खिडकीच्या रांगेत जाऊन सांगितलं. वकील डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून बसला म्हणे. ड्रायव्हर ओरडला ते मला इथे काचेतून ऐकू आलं. बाईंनी विचारलं, किती झाली, नेमका आकडा सांगा, आणि मग चष्मा पुसत बसल्या. आज कोडं अर्धंच राहिलं.

तुला दाखवायला पिशवी तशीच ठेवा, असं मी सिस्टरला सांगितलं होतं. ती म्हणाली, हे काय प्रदर्शन आहे का, आणि मोजून ओतून टाकली. ठीक आहे. तू ये, उद्याची दाखवतो.

दादा